निर्वासित, कायदा आणि मतपेटी

१/ हुडकेश्वरहून जरीपटक्याला जायचे तर अवघे नागपूर दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडावे लागते. जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. ही वस्ती परंपरेने जनसंघ आणि पुढे भाजपकडे झुकलेली का, याचे उत्तर बहुतेक जण धर्मात शोधतात. ते अपुरे आहे. या धाग्यात कायद्याची बाजू पाहू.

२/ सिंधमधील हिंदूंचे मोठे स्थलांतर ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर झाले. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही सीमारेषा ठरवली. त्यापूर्वी येऊन येथेच राहिलेले थेट नागरिक. नंतर आलेल्यांना नोंदणी आवश्यक.

३/ मतदारयादीचे काम तर घटना पूर्ण होण्याआधीच सुरू झाले होते. येथेच कायम राहण्याचा इरादा जाहीर केला, तरी निर्वासिताचे नाव यादीत घेतले जाई. घर मिळण्याआधी मत मिळाले.

४/ पुढचा प्रश्न मालमत्तेचा. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याने पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना भरपाई दिली. पाकिस्तानात गेलेल्यांची येथील मालमत्ता हा त्या निधीचा मोठा आधार होता.

५/ हा कायदा काँग्रेस सरकारचा. मग निष्ठा काँग्रेसकडे का वळली नाही? एक कारण संघटनेचे : सिंधमध्ये संघाच्या शाखा फाळणीपूर्वीच होत्या. कराचीत जन्मलेले लालकृष्ण अडवाणी सिंधमध्येच स्वयंसेवक झाले. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. भरपाईचा प्रश्न मार्गी लागल्यावर मनात उरली ती फाळणीचीच जखम, आणि ती जनसंघ बोलून दाखवत होता.

६/ आता बंगालकडे पाहा. नेहरू-लियाकत कराराच्या वेळी, एप्रिल १९५० मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी जनसंघ स्थापला. तरीही त्यांच्याच प्रांतातील निर्वासित मोठ्या संख्येने डाव्या पक्षांकडे गेले.

७/ कारण कायद्यात सापडते. निर्वासित मालमत्तेचा कायदा पश्चिम बंगालला लागू नव्हता. १९५४ ची भरपाईही पूर्व बंगालच्या लोकांसाठी नव्हती. त्यांनी कोलकात्याभोवती मोकळ्या जमिनींवर ‘जबरदखल’ वसाहती उभारल्या. त्या उठवण्यासाठी १९५१ साली कायदा आला, तेव्हा विरोधात रस्त्यावर उतरल्या त्या डाव्यांच्या प्रभावाखालील निर्वासित संघटना.

८/ फाळणी एकच, पण कायदे दोन आणि राजकारणेही दोन. कायदा कृतज्ञता विकत घेत नाही. कोणती तक्रार मिटेल आणि कोणती उघडी राहील, एवढेच तो ठरवतो. उघड्या तक्रारीला जो पक्ष शब्द देतो, त्याच्याकडे मत जाते.

९/ विदर्भातही याचा पुरावा आहे. पूर्व बंगालचे निर्वासित तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा-चामोर्शी भागात वसवले गेले. त्यांतील नमशूद्र बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत ते नाहीत. ही मागणी तेथे आजही जिवंत आहे.

१०/ २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने विनापरवाना आलेल्यांना, तसेच मुदत उलटूनही राहिलेल्यांना, ‘अवैध स्थलांतरित’ ठरवून नोंदणीचे दार बंद केले. सरकार वाजपेयींचे, गृहमंत्री अडवाणी. पाकिस्तानातून उशिरा आलेल्या हिंदू कुटुंबांनाही त्याची झळ बसली.

११/ डिसेंबर २०१६ मध्ये नागरिकत्व देण्याचे अधिकार १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. त्यांत नागपूर होते. डिसेंबर २०१९ मध्ये सुधारित कायदा आला. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी. मुस्लिमांना वगळणाऱ्या धर्माच्या निकषाविरुद्ध देशभर आंदोलने झाली. एकाच कायद्याने एका समाजाला एका पक्षाजवळ आणले आणि दुसऱ्याला त्याच पक्षापासून आणखी दूर लोटले.

१२/ मात्र कायदा सर्वशक्तिमान नाही. २०१४ साली भाजपची लाट असतानाही सिंधीबहुल उल्हासनगरने राष्ट्रवादी काँग्रेसच्या ज्योती कलानी यांना निवडून दिले. नागरिकत्व निश्चित झालेला मतदार पाणी, बांधकाम आणि स्थानिक नेता पाहूनही मत देतो.

१३/ म्हणून ‘अमुक समाज अमुक पक्षाचाच’ असे कोणी म्हणाले, तर आधी दोन गोष्टी विचारा : तो समाज आला केव्हा, आणि त्या दिवशी कायदा काय होता? घरात आजी-आजोबांचे निर्वासित नोंदणीपत्र किंवा दाव्याचा कागद असेल, तर जपून ठेवा. हा इतिहास अशाच कागदांत दडलेला आहे.