व्हिसा-फ्री, पण कोणासाठी? वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंची गोष्ट

मागच्या महिन्यात हिंगणघाटच्या एका मित्राचा मेसेज आला. तो सध्या अमेरिकेत नोकरीला आहे. "अरे, मेक्सिकोला आपल्याला व्हिसाच लागत नाही म्हणे! लाँग वीकेंडला जाऊन येतो."

म्हटलं, थांब जरा. हे अर्धंच खरं आहे. नुसत्या भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतोच. पण तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर वेगळा मेक्सिकन व्हिसा काढावा लागत नाही. कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा असला तरी चालतं. राहता येतं जास्तीत जास्त 180 दिवस, आणि नेमके किती ते तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. तो परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाचे पैसे, काहीही विचारू शकतो. आणि हो, पासपोर्टमधल्या अमेरिकन स्टॅम्पची तारीख उलटली असेल, तर आय-797 चा कागद दाखवून भागत नाही.

मलेशियाचंही बघा. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा नाही. पण पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा हवा, परतीचं तिकीट हवं. म्हणजे व्हिसा-फ्रीचा अर्थ एवढाच, की आधी अर्ज करायचा नाही. प्रश्न थेट दारात विचारले जातात.

मित्राला आणखी एक सांगितलं. जातोच आहेस तर मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत जाऊन ये. तिथं दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात टेबलाशी बसून पाव मोडून वाटणारा एक सावळा माणूस आहे. तो आपल्या वर्ध्याचा पांडुरंग खानखोजे, असं सांगतात.

खानखोजेंचा जन्म 1880 च्या दशकातला, वर्ध्याचा. तरुणपणीच ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढ्याचं वेड डोक्यात गेलं. टिळकांनी त्यांना जपानला जाण्याचा सल्ला दिला. तिथून ते अमेरिकेत पोचले, पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले, आणि 1913 मध्ये उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले.

आता प्रश्न पडेल, तेव्हा व्हिसा कसा मिळाला असेल? तर पहिल्या महायुद्धाआधी जगात बहुतेक ठिकाणी पासपोर्टशिवायच प्रवास चालायचा. बोटीचं तिकीट काढा, निघा. ऐकायला भारी वाटतं ना? पण अटी तेव्हाही होत्याच, फक्त वेगळ्या नावाने. कॅनडाने 1908 मध्ये नियम केला की, आपल्या देशातून थेट, एकाच अखंड प्रवासात आलात तरच प्रवेश. वरून आशियातून येणाऱ्याकडे 200 डॉलर हवेत. नियमात 'भारतीय' हा शब्द कुठेच नव्हता. पण भारतातून कॅनडाला थेट बोटसेवाच नव्हती! कोडमध्ये अशी कंडिशन टाकायची की ती कधी ट्रू होणारच नाही, तसला प्रकार.

1914 च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' ही बोट 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली. बहुतेक सगळे पंजाबचे शीख. दोन महिने बोट बंदरात अडकून पडली. मोजके जण उतरले, बाकीच्यांना परत पाठवलं. सप्टेंबरमध्ये कोलकात्याजवळ बजबजला उतरल्यावर गोळीबार झाला, त्यात काही प्रवासी मारले गेले. त्याच महिन्यात ब्रिटिशांनी भारतात येणाऱ्यांना अडवण्याचा अध्यादेशही काढला. गदरवाले घरी परतायला निघाले होते, म्हणून आपल्याच देशाच्या दारावर पहारा बसला.

मग युद्धामुळे पासपोर्ट सक्तीचा झाला. भारतात 1920 मध्ये कायदा आला, की पासपोर्टशिवाय देशात शिरता येणार नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत 32 पानांच्या पासपोर्ट पुस्तिकेचा नमुना ठरला. आज आपल्या खिशात असतं, ते त्याचंच भावंडं.

युद्धाच्या काळात खानखोजे इराणमध्ये ब्रिटिशांशी लढले, पुढे बर्लिनला गेले. भारतात परतणं शक्यच नव्हतं. 1920 च्या दशकात ते मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. ज्या माणसाला स्वतःच्या देशात पाय ठेवता येत नव्हता, त्याला मेक्सिकोने आपलं म्हटलं.

आणि आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. देश स्वतंत्र झाला. खानखोजेंनी परत येण्यासाठी व्हिसा मागितला आणि स्वतंत्र भारताने आधी तो नाकारला! कारण ब्रिटिशांनी बंदी घातलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव अजून होतं. राज्य बदललं, झेंडा बदलला, पण फायलीतली यादी तशीच राहिली. सिस्टिम नवी, डेटाबेस जुना. पुढे तो निर्णय बदलला, ते परत आले, नागपुरात राहिले आणि जानेवारी 1967 मध्ये तिथंच गेले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, 10 एप्रिल 1967 ला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि सरकार कायद्याचा आधार नसताना मनाला येईल तसा पासपोर्ट नाकारू शकत नाही. जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. आता पासपोर्ट नाकारायचा तर लेखी कारण नोंदवावं लागतं, आणि सहसा त्यावर अपीलही करता येतं. पण हा हक्क आपल्या सरकारपुरता. दुसऱ्या देशाचं दार उघडायचं की नाही, हे आजही तोच देश ठरवतो.

2022 मध्ये चापिंगोला खानखोजेंचा पुतळा बसला. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचं अनावरण केलं. वर्ध्यात मात्र माझ्या शाळेतल्या दहा मित्रांना विचारलं, तर नाव माहीत असणारे दोनच निघाले.

मित्राचं काय झालं विचाराल? त्याच्या स्टॅम्पची तारीख चार महिन्यांपूर्वीच उलटलेली होती. बरं झालं, तिकीट काढण्याआधी पाहिलं. तुम्हीही कुठे निघायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर नियम तपासा, रीलवर विसंबू नका. आणि खानखोजेंचं नाव ऐकलं नसेल, तर आज घरी जेवताना आजी-आजोबांना विचारून बघा. त्यांना काही आठवलं, तर मला नक्की कळवा.