राइस कोडचा खरा आजा कोण?

उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं आटवून पाठवणाऱ्या राइस कोडचं मूळ विचारलं, की बहुतेक जण सॉलोमन गोलोंबचं नाव घेतात. गोलोंबने 1966 साली जुगाराच्या अड्ड्यावरच्या एका गुप्तहेराची गोष्ट रचली. लागोपाठ जिंकायचं आणि क्वचित हरायचं, अशा खेळाची बातमी कमीत कमी बिटांत कशी पाठवावी, हे त्याने त्यातून दाखवलं. त्याच्या कोडमध्ये संख्येला एका भाजकाने भागून भागाकार आणि बाकी वेगवेगळी लिहितात; राइसच्या कोडमध्ये हा भाजक फक्त 2 चा घात असतो, एवढाच फरक. शिवाय गोलोंब आणि राइस दोघेही जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले. पुरावा भक्कम दिसतो.

मला मात्र गोलोंब या कुळातला चुलता वाटतो. आजा आहे बेल लॅबचा क्रेट्झमर. 1952 साली त्याने एकाच चित्राच्या दोन पारदर्शिका एकमेकींवर ठेवल्या, एक हळूहळू सरकवली आणि आरपार येणारा प्रकाश मोजला. शेजारचे बिंदू एकमेकांसारखेच असतात, हे डोळ्यांना दिसणारं सत्य त्याने आकड्यांत पकडलं. शेजाऱ्यांमधला फरक बहुधा शून्याजवळच राहतो. कोणता फरक किती वेळा येतो याचा आलेख मध्ये टोकदार असतो आणि दोन्हीकडे झपाट्याने उतरतो.

हा आलेख पाहून मी थबकलो. लाप्लासने 1774 साली निरीक्षणांतल्या चुकांसाठी मांडलेली रेषा हीच! आकाशाकडे पाहणाऱ्यांच्या चुकांचा नियम आकाशातून खाली घेतलेल्या चित्रांना लागू पडतो.

ऋण-धन फरक 0, -1, 1, -2, 2 असे एका रांगेत लावले, की पुढे जाल तशी त्यांची शक्यता लागोपाठच्या विजयांसारखी साधारण ठरावीक पटीने घटत जाते आणि जुगाराचं गणित आपोआप हाती येतं. म्हणजे गोलोंबकडे न जाताही राइस तिथे पोचू शकत होता, आणि माझ्या मते तो तसाच पोचला. राइस आणि प्लॉन्ट यांच्या 1971 च्या लेखाचा विषयच यानातून येणारी दूरचित्रं हा आहे. त्यांचा कोड चित्राच्या तुकड्यागणिक बदलतो. गोलोंबच्या खेळात जिंकण्याची शक्यता ठरलेली असते. चित्रात मात्र सपाट समुद्रानंतर लगेच खडबडीत डोंगर येतो. ही गरज चित्रं चाळणाऱ्यालाच कळते.

पुढचं सर्वश्रुत आहे. 1986 साली युरेनसजवळून व्हॉयेजर 2 ने फरकच पाठवले आणि बिंदूमागचे 8 बिट सुमारे 3 वर आणले. 1997 साली राइसची पद्धत अवकाश संस्थांचं मानक झाली. फ्लॅक फायलींतलं गाणंही तिच्यावरच चालतं.

पाठ्यपुस्तकांनी गोलोंब-राइस हे जोडनाव खुशाल ठेवावं. त्याआधी क्रेट्झमरच्या मोजमापांना एक परिच्छेद द्यावा.