उताराचा इतिहास

महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या बाजूला उतरणारी एक जुनी वाट आहे. तिचं नाव रडतोंडीचा घाट. नाव ठेवणाऱ्यानं कसलीही भीड बाळगलेली नाही. ओझ्याचे बैल, पालखीचे भोई, शिपाई, जो कुणी या वाटेनं गेला असेल त्याचा चेहरा पाहूनच हे नाव पडलं असणार. १६५९ साली वाईहून निघालेलं अफजलखानाचं सैन्य याच वाटेनं जावळीत उतरलं. भेट कुठं झाली, काय झालं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते हत्ती-घोडे आणि लादलेले बैल तो उतार उतरले कसे, हे कुणी विचारत नाही. चढाईच्या कथा होतात, उतरणीच्या होत नाहीत.

मला मात्र उतरणीचं कुतूहल आहे. माझ्या अब्बांचं वाईत भाड्यानं सायकली देण्याचं दुकान होतं. वाईतून बाहेर पडलं की पसरणीचा घाट समोर उभा राहतो. गावातल्या गावात फिरायला सायकल न्यायची असेल तर अब्बा वहीत नाव लिहून घेत आणि सायकल देत. पण कुणी ‘पाचगणीला जाऊन येतो’ म्हणालं की ते पाना घेऊन खाली बसत. चाक फिरवून बघत, ब्रेकची रबरं अंगठ्यानं दाबून बघत. रबर झिजलेलं असेल तर सायकल मिळत नसे, मग गिऱ्हाईक कितीही मोठ्या घरचं असो. ‘चढताना दम लागला तर माणूस थांबतो. उतरताना थांबवणारं एवढंच रबर आहे,’ असं ते म्हणायचे. तेव्हा दांडीचे ब्रेक असत आणि रिमा लोखंडी. पावसात रिम भिजली की ब्रेक दाबूनही सायकल पुढे जातच राही. म्हणून आषाढ-श्रावणात घाटासाठी सायकल नाही, हा दुकानाचा कायदा होता.

अब्बा ज्याला रबर म्हणत, त्याच गोष्टीवर रेल्वेच्या इंजिनिअरांनी डोकं शिणवलं होतं. बोरघाटाची गाडीवाट गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुली झाली. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ कुठंकुठं ३७ फुटांना एक फूट. सायकलस्वाराला हा चढ जेमतेम जाणवेल, पण लोखंडावर लोखंड घसरतं तिथं हा फार झाला. गाडी वर ढकलायला जास्तीचं इंजिन जोडता येतं. पण ब्रेक निकामी होऊन गाडी उताराला लागली तर? त्यासाठी मुख्य रुळांपासून फुटून वर चढत जाणारे रूळ टाकले. त्यांना ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी, अशी ती योजना. म्हणजे ब्रेक कधीतरी दगा देणार, हे धरूनच घाट आखला होता. सायकलस्वाराच्या वाट्याला असले रूळ येत नाहीत. त्याला ती सोय मनात आखून ठेवावी लागते.

आपल्याकडची मुंबई–पुणे सायकल शर्यत जुनी आहे, १९४५ पासूनची. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. शर्यत मुंबईहून पुण्याला जाते, त्यामुळे घाट चढायचाच असतो. उतरणाऱ्याला राजा म्हणण्याची पद्धत नाही, आणि ते बरंच आहे. फ्रान्सच्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत १९१० साली पिरेनीज पर्वत पहिल्यांदा आला. २,११५ मीटर उंचीची तुर्मालेची खिंड, रस्ता म्हणजे खडी आणि चिखल. तो टप्पा जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापिझनं वाटेत आयोजकांना सरळ ‘खुनी’ म्हटलं, असं सांगतात. तो संतापला चढावर. पण पुढे डोंगरात उतारावरही जीव गेले. १९३५ साली स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा आल्प्समध्ये गॅलिबिए उतरताना पडला आणि दगावला. १९९५ साली बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता इटलीचा फाबिओ कासार्तेली पिरेनीजच्या उतारावर पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटची सक्ती झाली ती त्यानंतर आठ वर्षांनी, २००३ साली, आणि तीही आणखी एक सायकलपटू, आंद्रेई किविलेव्ह, गेल्यावर. एवढे पैसे, एवढे डॉक्टर, एवढ्या मोटारी मागेपुढे असूनही एवढा उशीर लागला.

हे सगळं सांगण्याचं कारण माझ्या पुतणीचा कागद. डिसेंबरात ती तीन मैत्रिणींबरोबर वाईहून पोलादपूरला सायकलनं जाणार आहे. ‘चाचा, बघा बरं, काही राहिलं का,’ म्हणून तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. पसरणी घाट कितीला सुरू करायचा, पाणी कुठं भरायचं, पाचगणीत काय खायचं, महाबळेश्वरात मुक्काम कुठं, सगळं टिपलेलं. शेवटची ओळ होती: ‘दुसरा दिवस — आंबेनळी, नुसता उतार.’ त्या ‘नुसता’ शब्दावर मी बोट ठेवलं.

आंबेनळीचा रस्ता एकोणिसाव्या शतकातला. गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावानं तो ओळखला जाई. रडतोंडीचा तीव्र उतार टाळून वळणांनी लांबवलेली ही वाट. महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर, आणि तेवढ्यात उंची बाराशे मीटरांहून अधिक उतरते. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर या उताराची सगळी शक्ती उष्णता झाली असता जवळपास तीन लिटर पाणी उकळेल. त्यातली बरीचशी वारा घेतो. उरलेली ब्रेकला आणि रिमला सोसावी लागते. म्हणून ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग तोडायचा, वळणात सोडायचा, सरळ रस्त्यावर चाकाला वारा लागू द्यायचा. नुसत्या पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर माणूस हँडलवरून जातो. नुसत्या मागच्यावर ठेवली तर चाक घसरतं. हात आखडले की थांबायचं, आणि थांबायचं ते वळणावर नव्हे, पुढून-मागून दिसेल अशा जागी.

हा घाट पावसाळ्यात काय करतो ते आपण पाहिलं आहे. जुलै २०१८ मध्ये कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस इथं दरीत कोसळली आणि आतला एकच जण वाचला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून रस्ताच वाहून गेला. तेव्हा मुलींचा डिसेंबर योग्य आहे, फक्त शनिवार-रविवार नको. सुट्टीला आलेल्या मोटारींची घाई एसटीच्या ड्रायव्हरला नसते. त्याला घाटाचं प्रत्येक वळण पाठ असतं आणि तो हॉर्न वाजवतो. तो आपल्याला ओलांडून गेला की त्याच्या मागे चिकटून उतरायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण पुढचा खड्डा बसच्या आड दिसत नाही.

पुतणीनं कागद परत नेला आणि दुसऱ्या दिवसाच्या आठ ओळी लिहून आणल्या. धुकं उठल्यावर, नऊच्या सुमारास निघायचं. आदल्या रात्री मुक्कामावर चारही सायकलींची रबरं बघायची. हेल्मेट चौघींनाही. मागे लाल दिवा दिवसाही चालू. दोघींमध्ये एका बसची जागा राहील एवढं अंतर. सर्वांत सावकाश उतरणारी पुढे, पंक्चर काढता येणारी सर्वांत मागे, दोन जादा ट्यूब तिच्याकडे. प्रतापगडाच्या फाट्यावर सगळ्यांनी एकत्र यायचं आणि चहा होईपर्यंत चाकं निवू द्यायची. कुणाचं मन धजलं नाही तर तिथूनच सायकल टेम्पोत टाकायची, आणि बाकीच्यांनी तिला चिडवायचं नाही. ही शेवटची ओळ तिनं स्वतःच घातली.

मी एवढंच जोडलं की पोलादपूरला पोहोचल्याबरोबर रिमला हात लावू नका, चटका बसेल.