ग्रहण लागले तेव्हा तुमच्याकडे किती वाजले होते?

चंद्रग्रहण आणि इतिहास म्हटले की कोलंबसाची जमैकातली गोष्ट हमखास सांगितली जाते. २९ फेब्रुवारी १५०४ च्या रात्री ग्रहण लागणार हे छापील पंचांगात पाहून त्याने स्थानिकांना देवाच्या कोपाची भीती घातली आणि उपाशी खलाशांसाठी अन्न मिळवले. गोष्ट चटकदार आहे खरी, परंतु तिचा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. त्याच ग्रहणावरून कोलंबसाने स्पेनमधील काडिझ आणि जमैका यांच्या स्थानिक वेळांतील अंतर काढले. ते आले सात तास पंधरा मिनिटे. प्रत्यक्षात ते पावणेपाच तासांच्या आसपास आहे.

हा खटाटोप त्याने का केला, हे समजून घेण्याजोगे आहे.

सूर्यग्रहण प्रत्येक गावाला वेगळ्या क्षणी दिसते. चंद्रग्रहणाचे तसे नाही. तेथे पृथ्वीची छाया प्रत्यक्ष चंद्रावरच पडते. त्यामुळे ज्यांच्या क्षितिजावर चंद्र आहे, त्या सर्वांना ती एकाच क्षणी दिसते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तेव्हा एकाच ग्रहणाच्या वेळी दोन गावांत किती वाजले होते हे कळले, की त्यांच्या रेखांशांतील फरक आपोआप हाती येतो. दूरध्वनी नाही, तारायंत्र नाही, बरोबर नेता येईल असे अचूक घड्याळ नाही. अशा काळात आकाशात टांगलेले हे एकच सामाईक घड्याळ होते.

युक्ती फार जुनी आहे. इ. स. पूर्व ३३१ च्या २० सप्टेंबरला, गौगामेलाच्या लढाईच्या अकरा दिवस आधी, चंद्राला ग्रहण लागले. बॅबिलोनच्या ज्योतिष्यांनी त्याची नोंद मातीच्या पाटीवर करून ठेवली. सुमारे पाच शतकांनंतर टॉलेमी आपल्या भूगोलग्रंथात हेच ग्रहण उदाहरणादाखल देतो: अर्बेला येथे (आजच्या इराकमधील एर्बिल) ते रात्रीच्या पाचव्या तासाला दिसले, तर कार्थेज येथे दुसऱ्या तासाला. फरक तीन तासांचा, म्हणजे ४५ अंश. खरा फरक ३४ अंशांच्या आतला आहे. अशा जोडनोंदी फारच थोड्या मिळतात, अशी तक्रारही टॉलेमीने केली आहे. त्याच्या नकाशावर भूमध्य समुद्र सुमारे ६२ अंश लांब झाला, जो वस्तुतः ४२ अंशांच्या जवळपास आहे. ही सारी सूज एकट्या त्या ग्रहणामुळे आली असे नव्हे. पण पद्धत निर्दोष असूनही नोंद कच्ची असली तर काय होते, याचा हा उत्तम नमुना होय.

आता २४ मे ९९७ च्या रात्रीकडे येऊ. माझ्या मते चंद्रग्रहणांच्या इतिहासातील ही सर्वांत देखणी रात्र.

ख्वारिज्म प्रांतातील काथ या शहरात अबू रैहान अल-बिरुनी आकाशाकडे डोळे लावून होता. वय अवघे तेवीस. (आपल्यापैकी अनेकांचे तेवढेच असेल!) दोनच वर्षांपूर्वी सत्तापालटाच्या धुमश्चक्रीत त्याला मायभूमी सोडून पळावे लागले होते. दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर, बगदादेत, साठीकडे झुकलेला थोर गणिती अबुल-वफा तेच ग्रहण पाहत होता. दोघांनी हे आधीच ठरवले होते. रात्रीची वेळ ठरवायची ती ओळखीच्या ताऱ्याची उंची मोजून आणि त्यावरून गणित करून. छायेची कड धूसर असते. ती चंद्राला नेमकी कधी टेकली हे ठरवताना चार मिनिटांची चूक झाली, की रेखांशात एक अंश चुकलाच. शिवाय दोन्ही शहरांवरचे आकाश निरभ्र हवे. एकीकडे जरी ढग आले, तरी दुसरीकडची नोंद निरुपयोगी.

दोन्ही नोंदी जुळवल्या तेव्हा फरक निघाला सुमारे एक तास. आजचे नकाशे एक तास पाच मिनिटे सांगतात. अबुल-वफा पुढच्याच वर्षी वारला.

आपल्याकडे सूर्यसिद्धान्तातही देशांतर काढण्याची रीत चंद्रग्रहणावरच आधारलेली आहे. उज्जयिनीच्या मध्यरेषेसाठी गणिताने आलेली वेळ घ्यायची आणि आपल्या गावी दिसलेल्या वेळेशी ताडायची. ग्रहण उशिरा दिसले तर गाव पूर्वेला. पुढे गझनीत असताना लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात अल-बिरुनीने देशांतराच्या भारतीय पद्धतींची चर्चा केली आहे. पण येथे एक महत्त्वाचा भेद आहे. ही रीत एकट्या निरीक्षकाला पुरते, मात्र गणितातील चूक सरळ रेखांशात उतरते. कोलंबसाचेही हेच झाले. त्याच्या एका हातात पंचांग होते, दुसऱ्या टोकाला ठरवून जागणारा कुणी नव्हता. अल-बिरुनीला तो लाभला होता.

टॉलेमीच्या भूमध्य समुद्राचे पुढे काय झाले? २८ ऑगस्ट १६३५ च्या ग्रहणासाठी फ्रान्समधील पेरेस्क या विद्याव्यासंगी गृहस्थाने पत्रांवर पत्रे धाडून अलेप्पो, कैरो अशा दूरदूरच्या शहरांत निरीक्षक उभे केले. नोंदी परत आल्या, वेळा ताडल्या गेल्या, आणि समुद्राची लांबी सुमारे एक हजार किलोमीटरांनी कमी भरली.