आणायला झालंय : घरच्या वाणसामानाच्या ॲपची मांडणी

स्वयंपाकघरातल्या सामानाची नोंद ठेवणारी बहुतेक ॲप्स दुकानाच्या गोदामाची नक्कल करतात आणि तिथेच फसतात. दुकानात माल आत येताना पावती असते, बाहेर जातानाही असते. दोन्हीकडे नोंद झाल्यामुळे शिल्लक आपोआप कळते. घरात सामान येतं ते पावतीसकट; जातं मात्र मुठीने, चिमटीने, अंदाजाने. आमटीला डाळ घेतली म्हणून फोन उघडून '150 ग्रॅम वजा' असं कोणी लिहीत नाही, आणि कणीक मळता मळता तर फोनला हातही लावता येत नाही. मी असं एक ॲप नेटाने वापरायला घेतलं होतं. नवव्या दिवशी त्यात साखर पावणेतीन किलो दिसत होती आणि डब्यात जेमतेम दोन वाट्या होती. आकडा एकदा खोटा ठरला की माणूस पुन्हा डबा उघडूनच बघतो.

म्हणून आधी हे ठरवायला हवं की घराला नेमकं काय कळायला हवं असतं. किती ग्रॅम उरलं, हे कोणालाच नको असतं. 'तूरडाळ आणायला झालीय' असं आपण म्हणतो तेव्हा डाळ संपलेली नसते. आजची आणि उद्याची आमटी होईल एवढी असते. साठ्याच्या शास्त्रात जिला फेरमागणीची पातळी म्हणतात, ती हीच. नवा माल हाती पडेपर्यंत जेवढा लागेल तेवढा, अधिक अडीनडीसाठी थोडा. कारखान्यात ही पातळी गणिताने काढतात, घरात ती स्वयंपाक करणारीच्या नजरेत असते. ॲपने हे एक वाक्य विश्वासाने टिपावं आणि योग्य माणसापर्यंत पोचवावं. माझ्या मते सगळी रचना याच्याभोवती उभी राहायला हवी.

टिपायचं कसं, याचा धडा गॅसच्या सिलिंडरकडून घेता येतो. घरी दोन सिलिंडर असले तर 14.2 किलोपैकी किती गॅस उरला हे कोणी मोजत बसत नाही. पहिला संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी नंबर लावायचा. कारखान्यांत नट-बोल्टांसाठी वापरतात ती दोन खणांची पद्धत हीच आहे. मोजमापाची जागा इथे एका घटनेने घेतली आहे. मीठ, चहा, तेलाची पिशवी, साबण यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडते. शेवटची पिशवी फोडली की एकदा बोट टेकवायचं, बास.

सुट्या धान्याचं तसं नाही. तिथे डब्यात डोकवावंच लागतं. पण डोळा काय ओळखू शकतो याला मर्यादा आहे. आपली जुनी मापं या मर्यादेला धरूनच होती : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अर्धं आणि अर्ध्याचं अर्धं नजरेला कळतं. 37 टक्के कळत नाही. म्हणून पडद्यावर सरकपट्टी नको आणि आकड्यांचा रकानाही नको. डब्याचं चित्र आणि त्यावर तीन खुणा : भरलेला, अर्धा, तळाशी.

यांपैकी कोणत्या खुणेला 'आणायला झालंय' म्हणायचं, हे मात्र घरोघर बदलतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून अर्ध्या तासात डाळ येत असेल तर ती तळाशी गेली तरी चालते. 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासदांचं गणित वेगळं. तिथे संघामार्फत एकत्रित मागणी नोंदवायची आणि सामान महिन्यातून एकदा येणार. अशा घरी डबा अर्धा झाला तेव्हाच डाळ यादीत यायला हवी. तेव्हा ॲपने प्रत्येक जिन्नसाला 'हे कुठून येतं आणि यायला किती दिवस लागतात' एवढं एकदाच विचारावं. वर्षाच्या गव्हाला तर पातळीच नाही, हंगाम आहे. एप्रिल-मेमध्ये घ्यायचा, ऊन द्यायचं, एरंडेल चोळून भरायचा. त्याला दर महिन्याच्या यादीत ओढणं चूक आहे.

आता तारखांचा प्रश्न, आणि इथे बारकोडवर फार भिस्त ठेवली जाते. पाकिटावरचा नेहमीचा 13 अंकी बारकोड फक्त वस्तूची ओळख सांगतो : कोणाची, कोणती, केवढ्या वजनाची. माल कधी भरला आणि कधीपर्यंत चांगला, हे त्यात नसतं; ते शेजारी वेगळं छापलेलं असतं. सुटा तांदूळ, गिरणीतून दळून आणलेलं पीठ, घरचा गोडा मसाला, गावाहून आलेली हळद यांना तर बारकोडच नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडे सामान पाकिटात राहत नाही. रवा आणला की पाकीट कात्रीने कापायचं, डब्यात ओतायचं आणि पाकीट कचऱ्यात. तारीख त्याच क्षणी घराबाहेर जाते. म्हणून ॲपने तारीख टिपायची ती याच वेळी, ओट्यावर पाकीट आणि डबा शेजारी असताना, एका फोटोत. माहितीच्या रचनेत कायमची वस्तू डबा असावा आणि त्याच्या खाली एकेक 'भर' तारखेसह नोंदलेली असावी. जुन्यावर नवं ओतलं तर तळचं धान्य कधीच वर येत नाही आणि पोरकिडे तिथूनच सुरू होतात. माझी आजी डबा पूर्ण रिकामा करायची, पुसून उन्हात ठेवायची, आधी नवं भरायची आणि जुनं वर घालायची. नवी भर नोंदवताना जुनी शिल्लक असेल तर ॲपने हीच आठवण करून द्यावी.

मागच्या वर्षावरून पुढचा अंदाज बांधण्याची सोय मोहक वाटते, पण इंग्रजी महिन्यांवर आधारलेला अंदाज आपल्या घरात चुकतो. गणेशचतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. मोदकाची पिठी आणि गूळ तिथीप्रमाणे लागतो. साबुदाणा, वरी एकादशी-चतुर्थीला. पंचांग आत नसेल तर अंदाज न बांधलेलाच बरा.

घरात दोन-तीन फोन असतात, तेव्हा ताळमेळाचा प्रश्न येतो. सासूबाईंनी आणि सुनेने दोघींनीही 'तेल आणायला झालंय' अशी खूण केली तर काही बिघडत नाही. खूण एकच राहते. तेच ॲप आकडे वजा करणारं असतं तर एकच पिशवी दोनदा कमी झाली असती. रेंज नसताना दुकानात केलेली 'आणलं' ही नोंद उशिरा पोचली, तर कोणती नोंद आधी पोचली यापेक्षा कोणती आधी घडली हे पाहून निकाल लावावा. शंका असेल तिथे ॲपने विचारावं, परस्पर पुसू नये. शिवाय उपास कोण करतं, कोणाची साखर बंद झाली, घरी काय शिजतं हे सगळं या यादीतून दिसतं. ती घरच्यांच्या फोनबाहेर साठवू नये.

भाजी आणि दूध या व्यवस्थेत घालूच नये. ती रोज डोळ्यांसमोर असतात.

उरली यादीची भाषा. ती वाण्याला जाते, आणि वाण्याकडे आपलं ॲप नसतं. म्हणून साधा देवनागरी मजकूर जायला हवा, घरात बोलतात त्या शब्दांत. तयार नामावलीत 'पोहे' एकच असतात. आमच्या फडताळात जाड पोहे कांदेपोह्यांचे, पातळ चिवड्याचे आणि दगडी पोहे तळणीचे, असे तीन डबे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे आले तर परत करायला जावं लागतं.