हिवाळ्यात पाय गार पडणे

पावले व पायांची बोटे शरीराच्या इतर भागांपेक्षा जास्त थंड पडण्याची आणि ऊब मिळूनही लवकर न तापण्याची अवस्था. कडाक्याच्या थंडीत निरोगी माणसाचेही पाय गार पडतात व पांघरुणात शिरल्यावर थोड्या वेळाने पूर्ववत होतात. रक्ताभिसरण मंदावलेल्या माणसाचे पाय मात्र तासन्‌तास गारच राहतात. अशा पायांना ऊब देण्याची रीत वेगळी आहे, कारण चुकीच्या शेकाने थंडीपेक्षा मोठी इजा होऊ शकते.

शरीरक्रिया : पाऊल हृदयापासून सर्वांत दूर असते. त्यात उष्णता निर्माण करणारे स्नायू थोडे, हाडे व कंडरा अधिक असतात. तळव्याच्या त्वचेत रोहिणी व नीला यांना थेट जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. थंडी वाजू लागली की अनुकंपी तंत्रिका या वाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे त्वचेकडचे रक्त कमी होऊन हृदय, मेंदू व यकृत यांची ऊब टिकते. छाती, पोट व डोके उबदार असेल तर आकुंचन सैल पडते आणि पाय आपोआप तापू लागतात. म्हणूनच पाय गार पडले असता पायमोज्यांइतकेच स्वेटर व कानटोपीलाही महत्त्व आहे.

कारणे : वाढत्या वयात पायांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचून त्या अरुंद होतात. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे ही प्रक्रिया वेगाने होते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येणे व थांबल्यावर तो जाणे, हे तिचे ठळक लक्षण होय. पुढच्या टप्प्यात रात्री अंथरुणातही पाऊल दुखते आणि पाय खाली लोंबता सोडल्यावर बरे वाटते.

फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो याने १८६२ मध्ये वर्णिलेल्या विकारात थंडीने किंवा मानसिक ताणाने बोटांच्या रोहिण्या अचानक आकसतात. बोटे प्रथम पांढरी, मग निळसर व अखेर लाल होतात. न्यूयॉर्कमधील लिओ बर्गर याने १९०८ मध्ये सविस्तर वर्णन केलेला विकार मुख्यतः तंबाखू सेवन करणाऱ्या तरुण पुरुषांत आढळतो. भारतात बिडी ओढणाऱ्यांत तो विशेष दिसतो. तंबाखू पूर्ण बंद केल्याखेरीज त्याला आळा बसत नाही. निकोटिनाने वाहिन्या आकसतात, म्हणून तंबाखू-चुना खाणे आणि ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रिया दातांना लावतात ती मशेरी यांनाही निरुपद्रवी मानता येत नाही.

रक्तक्षय, अवटू ग्रंथीची मंद क्रिया आणि रक्तदाबावरील बीटा-रोधक औषधे यांमुळेही हातपाय गार राहतात. मधुमेहात तंत्रिका बिघडल्याने पाय प्रत्यक्षात कोमट असूनही गार वाटू शकतो. याउलट तो बधिर झाल्यास थंडी व चटका दोन्ही कळत नाहीत.

तपासणी : पावलाच्या वरच्या बाजूस आणि आतील घोट्यामागे नाडीचे ठोके बोटांनी चाचपता येतात. घोट्याजवळच्या वरच्या रक्तदाबाला दंडातील वरच्या रक्तदाबाने भागून येणारे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे समजतात. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती कॅल्शियम साचून कडक झाल्या असतील, तर हे गुणोत्तर फसवे, म्हणजे प्रत्यक्षाहून जास्त येऊ शकते. बधिरपणा पाहण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात.

ऊब देण्याची रीत : दोन घट्ट पायमोजे घालण्यापेक्षा एक सैल लोकरी पायमोजा बरा. लोकर ओलावा शोषूनही ऊबदार राहते. सुती मोजा घामाने भिजला की पाय गार करतो. मोजा काढल्यावर पोटरीवर रबराचा खोल वळ दिसत असेल, तर तो मोजा बदलावा. बुटात बोटे हलण्याइतकी जागा हवी. महाराष्ट्रातील घरांत शहाबादी, कडप्पा किंवा टाइल्सची फरशी असते आणि घरात अनवाणी वावरण्याची रीत आहे. अशी फरशी तळव्यातील उष्णता झपाट्याने ओढून घेते, म्हणून घरात वापरायची जाड तळाची वेगळी चप्पल ठेवावी. बधिर पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराची एमसीआर चप्पल भारतात प्रचलित आहे. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना जखमा का होतात, याचा वेल्लोर येथे अभ्यास करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांच्या कामातून अशा पादत्राणांना मोठी चालना मिळाली.

चालणे हा उत्तम उपाय आहे. पोटरी दुखेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे शमल्यावर पुन्हा चालावे. असा ३० ते ४५ मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून निदान तीनदा, काही महिने केल्यास न दुखता चालता येणारे अंतर वाढते. तो वैद्यकीय सल्ल्याने सुरू करावा. पायाला जखम असल्यास करू नये. बसल्या जागी घोटे फिरवणे व बोटे हलवणे यांचाही उपयोग होतो. मद्याने त्वचेतील वाहिन्या पसरून ऊब आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते.

धोके : गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, शेगडी व विजेवर तापणारी चादर ही बधिर पायांची वैरी आहेत. १९४७ मध्ये मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार ४४° से. तापमानाचा स्पर्श सुमारे ६ तास राहिल्यास त्वचा भाजते. रक्तप्रवाह मंद असेल तर साचलेली उष्णता वाहून नेली जात नाही व इजा लवकर होते. पिशवीने झोपण्यापूर्वी अंथरूण गरम करावे आणि निजताना ती बाहेर काढावी. शेकोटीकडे तळवे करून बसू नये. पाय धुण्याचे पाणी ३७° से.हून गरम नसावे. ते पायाने न अजमावता कोपराने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या हाताने तपासावे.

टाचांच्या भेगांवर बिब्बा लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी. बिब्ब्याच्या तेलाने फोड येऊन जखम चिघळते. भेगांना कोकमतेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी, मात्र बोटांच्या बेचक्यांत तेलकट ओल राहू देऊ नये. शिरा फुगून सुजलेल्या पायांसाठी वापरतात ते दाब देणारे मोजे अरुंद रोहिण्यांच्या पायांवर घातक ठरू शकतात, म्हणून ते तपासणीशिवाय घालू नयेत.

थंडीच्या लाटेत नाशिक, निफाड, जळगाव, गोंदिया या भागांत किमान तापमान १०° से.च्या खाली उतरते. त्याच दिवसांत शेतकरी रात्रीच्या विजेवर रब्बी पिकांना पाणी देत थंड चिखलात उभे राहतात. ओल्या थंडीने बोटांवर खाजरी, लालसर-जांभळी सूज येते. गमबूट, कोरड्या मोज्यांचा जादा जोड व कामानंतर पाय पुसून कोरडे करणे ही त्यांच्यासाठी चैन नव्हे, संरक्षण आहे.

तातडीची लक्षणे : एकच पाय अचानक गार, फिकट व अतिशय वेदनामय होणे, नाडी न लागणे, बोटे बधिर होणे किंवा न हलणे ही रोहिणीत गुठळी अडकल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी शेकणे व चोळणे टाळून तत्काळ रुग्णालय गाठावे. पाय वाचवण्यासाठी हाती जेमतेम ६ तास असतात. बोट काळे पडणे किंवा जखम दोन आठवड्यांत न भरणे ही कोथाची पूर्वसूचना असू शकते.

मधुमेही, वृद्ध व तंबाखू सेवन करणाऱ्यांनी हिवाळ्यात रोज रात्री तळवे व बेचके उजेडात पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी ते पाहावेत. सतत गार राहणारा पाय म्हातारपणाच्या खाती न टाकता त्याची नाडी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.