दवाखान्यात सोबत कोण?



आमच्या बचत गटातल्या एका सखीच्या लग्नाला सात वर्षे झाली, मूल नाही. तिने उपास केले, नवस केले, जडीबुटी घेतली आणि एकटीच दवाखान्याच्या पायऱ्या चढली. दर महिन्याला गटाच्या बैठकीत येऊन ती हप्ता भरायची. आम्ही विचारायचो ते एवढेच, "काय गं, काही गोड बातमी?" ती हसून मान खाली घालायची. ही मान खाली घालण्याची सवय जुनी आहे. म्हणून आज थोडा मागचा इतिहास सांगतो.

6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. देशभर गाजावाजा झाला. हा उपचार मुळात निघाला तो गर्भनलिका बंद असलेल्या बायांसाठी. नळीची वाट बंद, म्हणून स्त्रीबीज आणि शुक्राणूंची भेट शरीराबाहेर घडवायची.

तेव्हा आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन चारच वर्षे झाली होती. त्याच सुमारास डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथे 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी फक्त आजारी बायांना बोलावले नाही. तेरा वर्षांच्या पोरीपासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळ्यांना बोलावले. 650 जणी तपासल्या. शंभरातल्या 92 जणींना स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. जानेवारी 1989 मध्ये 'द लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदीचे ऑपरेशन, एवढाच हिशेब तोवर होता. तो या दोन गावांतल्या बायांनी बदलायला लावला.

याचा मूल न होण्याशी काय संबंध? अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि आपण म्हणतो, "बाईच्या जातीला हे असायचेच." पण काही जंतुसंसर्ग उपचाराविना राहिले तर वर चढतात आणि नळ्या बंद करतात. क्षयरोगही खोकला नसताना तिथे पोहोचू शकतो. म्हणजे मुंबईत बंद नळीला वळसा घालायची वाट सापडली, त्याच काळात आपल्याकडे दिसले की नळी बंद करू शकणारे दुखणे किती जणी मुकाट्याने सोसतात.

पुढे धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम उभे राहिले. तिथला दवाखाना लोकांना विचारून बांधला, आदिवासी पाड्यासारखा. रोग्यासोबत घरच्यांना राहता यावे अशा झोपड्या केल्या. आजारी माणसाला औषध लागते तसे आपले माणूसही जवळ लागते, हे इथल्या लोकांना ठाऊक होते.

आम्हाला मात्र ते उशिरा सुचले. मागच्या पावसाळ्यात आमची सखी बैठकीत रडली, तेव्हा कळले की एका खाजगी दवाखान्यात दोन वर्षे फक्त तिच्याच तपासण्या झाल्या. नवऱ्याची एकही नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते आणि वीर्यतपासणी सर्वांत सोपी असते. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो, सासूबाईंशी बोललो, भाऊजींना समजावले. तपासणी झाली. शुक्राणू कमी निघाले. त्या दिवसापासून घरातले टोमणे थांबले. भाऊजी आता स्वतः सोबत जातात. त्यांना मजुरी सोडता येत नाही तेव्हा आमच्यातली एक जण नागपूरच्या एसटीत बसते. गटाने औषधासाठी कर्ज दिले. गावातल्या डोहाळजेवणात पहिली ओटी तिच्याच हातून भरली.

अजून तिला मूल नाही. उपचार चालू आहेत. उद्या ती म्हणाली, "आता पुरे", तर तेही आम्हाला मान्य आहे.

गटाने एक नियम मात्र केला आहे. गोड बातमी विचारायची नाही. विचारायचे ते हे: "पुढची तारीख कधी? आणि सोबत कोण येते?"